पुढील चाकांचे संरेखन
मोटारगाडीची पुढील चाके परस्परांशी व रस्त्याशी ठराविक कोनांत राखण्याच्या क्रियेस संरेखन म्हणतात. वळताना आतील चाक बाहेरील चाकापेक्षा अधिक वळले पाहिजे, हे तत्त्व घोडागाड्यांपासून चालत आले आहे. म्यूनिक येथील गेओर्ख लांकेनश्पेर्गर यांनी तशी रचना केली व रूडॉल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये तिचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले.

पूर्वीच्या ट्रकांत दोन्ही चाके एका अखंड आसावर असत. फोर्ड कंपनीने १९६५ सालच्या पिकअप ट्रकांत त्याऐवजी दोन पोलादी तुळया बसविल्या. प्रत्येक तुळई सांगाड्याच्या विरुद्ध बाजूस खिळलेली असल्याने चाक वरखाली होताना त्याचा कल बदलतो. जुन्या गाडीच्या स्प्रिंगा खचल्या, की चाकांचे माथे आत झुकतात व टायरांच्या आतील कडा झिजतात.

म्हणून दुरुस्तीत प्रथम स्प्रिंगा, किंगपिन, बुश व बंधदांड्यांची टोके तपासून झिजलेले भाग बदलतात. ढिल्या सांध्यांवर साधलेला कोन टिकत नाही. त्यानंतर किंगपिनचा पुढे-मागे असलेला कल (कॅस्टर) व चाकाचा आत-बाहेर असलेला कल (कँबर) पाहतात. किंगपिनच्या गाड्यांत कँबर सुधारण्यासाठी तुळई थंड स्थितीतच दाब देऊन वाकवीत. नंतरच्या गोलसांध्यांच्या रचनेत विकेंद्री बुश वापरात आले. चाकांच्या पुढील व मागील कडांमधील अंतरांचा फरक (टो) बंधदांड्यावरील नळी फिरवून सर्वांत शेवटी ठरवितात, कारण आधीचे कोन बदलताच तोही बदलतो.