जुन्या गाडीचा बाजार: नांदेड आणि लातूर

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतला मोटारीचा इतिहास मुख्यतः जुन्या गाडीचा इतिहास आहे. नव्या मोटारींची मोठी दालने या शहरांत बरीच उशिरा आली. त्याआधीच्या अनेक दशकांत इथल्या बहुतेक घरांत आलेली पहिली चारचाकी पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत किंवा सरकारी खात्यात काही वर्षे चालून आलेली असे. त्यामुळे गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने विक्रेत्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्वाचा माणूस मिस्तरी ठरला. कोणती गाडी घ्यायची, किती दाम द्यायचे आणि घेतल्यावर ती किती वर्षे चालेल, हे तोच सांगत असे.

निजामाच्या काळात या भागातली मोठी वाहतूक रेल्वेच्या हाती होती. हैदराबाद–मनमाड हा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेडवरून सुरू झाला. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये पोहोचली. पण कंधार, देगलूर, अहमदपूर, निलंगा ही मोठी गावे रुळांपासून दूरच राहिली, आणि मोटारीला खरी जागा मिळाली ती या गावांच्या रस्त्यांवर. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने स्वतःचा रस्ते वाहतूक विभाग काढला. त्यात सुरुवातीला २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी होते. सरकारी मालकीची संघटित बससेवा देशात सर्वांत आधी सुरू करणाऱ्या संस्थानांत हैदराबादची गणना होते. खाजगी मोटारी मात्र मोजक्याच होत्या. जहागीरदार, वरिष्ठ अंमलदार, एखादा डॉक्टर किंवा अडत व्यापारी यांच्यापलीकडे त्या फारशा गेल्या नव्हत्या.

दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या वापरातून निघालेल्या जीप आणि मालमोटारी देशभर विक्रीला आल्या. पाठोपाठ आयातीवर बंधने आली. तयार मोटारी बाहेरून आणणे १९४९ पासून जवळपास बंद झाले. सुट्या भागांची भारतात नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी १९५३ नंतर इथला कारभार आवरला. धोरण देशाचे होते, पण त्याची झळ जिल्ह्याच्या गावाला अधिक बसली. शेव्हर्ले किंवा डॉज गाडी रस्त्यावर होती, पण तिचा सुटा भाग मिळेना. मग तो बनवून घेणे आले. झिजलेल्या बेअरिंगात व्हाइट मेटल ओतायचे, बुश लेथवर उतरवायचे, क्रँक घासून कमी मापाच्या बेअरिंगवर बसवायची, सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे किंवा फारच झिजला असेल तर स्लीव्ह ठोकायची. पुढे या कामांना ‘इंजिन काम’ असे एकच नाव पडले. गॅरेजशेजारी लेथचे दुकान असण्याची पद्धत याच गरजेतून रुजली. जे इथे बनत नसे ते आणायला नांदेडचा मिस्तरी हैदराबाद-सिकंदराबादकडे जाई, लातूरचा सोलापूर-पुण्याकडेही. राज्य बदलले तरी सुट्या भागांची ही जुनी वाट पुष्कळ काळ टिकून राहिली.

कामाची रीत उस्ताद आणि त्याच्या हाताखालच्या पोरांची होती. दहा-बारा वर्षांचा पोरगा आधी पाने धुई, मग ग्रीसिंग शिके, मग चाके खोलू लागे. इंजिनाला हात लावण्याची मुभा मिळायला वर्षे लागत. गॅरेजची बोली दखनी आणि मराठी यांची सरमिसळ होती, आणि ‘उस्ताद’ हा शब्द धर्म-जात न पाहता कोणाही जाणत्या मिस्तरीला लागे. हे ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही, याची खंत वाटावी इतके ते बारीक होते. वयाने लहान असलेल्या त्या पोरांच्या श्रमावर हा व्यवसाय उभा राहिला, हेही विसरून चालणार नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. इथली सरकारी बस वाहतूक १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात, म्हणजे एसटीत, सामावली गेली. मोटार दुरुस्तीच्या दृष्टीने एसटीचे महत्त्व तिकिटापलीकडचे आहे. प्रत्येक आगाराला कार्यशाळा होती आणि गाडी किती किलोमीटरला तपासायची याचे ठरलेले वेळापत्रक होते. मोठ्या कामांसाठी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या राहिल्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम केलेल्या मुलांना तिथे उमेदवारी मिळू लागली. सगळ्यांना पुढे नोकरी मिळणे शक्य नव्हते, आणि अशांतल्या कित्येकांनी गॅरेज टाकले. उस्तादाच्या कानाला मग मापाची आणि मॅन्युअलची जोड मिळाली.

जुन्या गाड्यांचा पहिला नियमित पुरवठा सरकारकडूनच झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. गटविकास अधिकारी, आरोग्य केंद्रे, पाटबंधारे आणि बांधकाम खाते यांच्याकडे जीप आल्या. महिंद्रने १९४७ पासून विलीज जीप भारतात आणायला सुरुवात केली होती, आणि काळ्या रेगडीच्या चिखलात, विशेषतः पावसाळ्यात, चारही चाकांना जोर देणाऱ्या या गाडीला पर्याय नव्हता. आयुष्य संपलेल्या जीप खात्याकडून लिलावात निघत. त्या घेणारे बहुधा मिस्तरीच असत किंवा मिस्तरीला भागीदार करून घेणारे. दोन मोडक्या जीपमधून एक चालती जीप उभी करणे हा त्या काळचा सर्वमान्य उद्योग होता.

खाजगी मोटारीच्या बाबतीत टंचाई पुढेही चालूच राहिली. उत्तरपाड्याची अँबेसेडर, कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड यांपलीकडे निवड नव्हती. मोटारींच्या वाटपावर १९५९ च्या आदेशाने सरकारी नियंत्रण आले आणि नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या जुन्या फियाटला कधी कधी नव्या गाडीच्या किमतीहून जास्त दाम येई. मराठवाड्यात मात्र पसंती अँबेसेडरला राहिली. मागे भक्कम कमानपाटे, तळाशी मोकळी उंची, आत माणसे भरपूर, आणि तिचे १४८९ सीसीचे इंजिन कोणत्याही तालुक्याच्या गावी खोलता येई.

पेट्रोलच्या मानाने डिझेल कितीतरी स्वस्त होते आणि दोन्हींच्या किमती सरकार ठरवत असे. पेट्रोलवरचे हे नियंत्रण जून २०१० मध्ये गेले, डिझेलवरचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. त्याआधीच्या तीन-चार दशकांतले इथले जवळजवळ सगळे तांत्रिक प्रयोग या तफावतीतून झाले. डिझेलची अँबेसेडर १९८० च्या सुमारास आली, पण ज्यांच्याकडे आधीच पेट्रोलची होती त्यांनी इंजिनच बदलायला सुरुवात केली. पुण्याच्या बजाज टेंपोची मॅटाडोर १९६९ मध्ये बाजारात आली होती. तिचे डिझेल इंजिन जुन्या अँबेसेडरमध्ये आणि जीपमध्ये बसवले जाऊ लागले. हे काम सोपे नव्हते. इंजिनाचे पाय नव्या जागी वेल्ड करावे लागत, गिअरबॉक्सशी जुळणारी प्लेट लेथवर करून घ्यावी लागे, रेडिएटर मोठा टाकावा लागे. वाढलेल्या वजनाने पुढचे स्प्रिंग बसत ते वेगळेच. ‘पिकअप’ गेला तरी चालेल, ‘एव्हरेज’ वाढले पाहिजे, हा हिशेब पक्का होता. याच ओघात मायको पंपाचे आणि नोझलचे काम हे स्वतंत्र कसब बनले. पंपाची मात्रा थोडी वाढवली तर गाडी ओढते, पण काळा धूर टाकते. हा तोल जमणारा पंपवाला दूरवर माहीत असे. इंजिन बदलले की आरसी पुस्तकावर त्याची नोंद करून घेणे कायद्याने बंधनकारक होते, पण ते सर्रास टाळले गेले. त्या गाड्या पुढे विकताना याच कारणाने अडल्या.

१९८० आणि १९९० च्या दशकांत या सगळ्याला गिऱ्हाईक मिळाले ते काळीपिवळीच्या रूपाने. एसटीची फेरी दिवसातून एक-दोनदा, आणि बाजाराला, दवाखान्याला, कोर्टाला जाणाऱ्यांची गर्दी मात्र सदैव. ही पोकळी जीप, कमांडर आणि ट्रॅक्सने भरून काढली. प्यूजो इंजिनाची महिंद्र एमएम ५४० या कामात फार नावाजली. काळीपिवळीचा मालक अनेकदा स्वतःच चालक असे आणि गाडी बहुधा जुनीच घेतलेली असे. क्षमतेच्या दुप्पट माणसे भरल्याने कमानपाटा तुटणे, क्लचप्लेट जळणे, किंगपिन ढिली होणे हे नित्याचे झाले. शहरांतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर गॅरेज, वेल्डिंग आणि कमानपाट्याच्या दुकानांची रांग वाढली ती या गाड्यांच्या जोरावर. अपघातही झाले आणि त्यांत माणसे गेली. दुरुस्तीचे कौशल्य कितीही असले तरी जादा भाराला ते उत्तर नव्हते.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली, आणि दहा-पंधरा वर्षांत जुन्या बाजाराचे रूप पालटले. पुण्या-मुंबईचा नोकरदार पाच-सात वर्षांनी गाडी बदलू लागला, आणि ती गाडी जिल्ह्यात येऊ लागली. पुढे टाटा सुमो, इंडिका, बोलेरो, स्कॉर्पिओ यांनी हा प्रवाह रुंदावला. सोयाबीनचे पैसे हाती आले की दिवाळी-पाडव्याच्या सुमारास खरेदी वाढे, आणि इसार देऊन गाडी अडवून ठेवण्याची जमीन-जुमल्याची रीत इथेही चालली. नांदेड जिल्ह्यातल्या मालेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बैल घेताना दात आणि खूर पाहणाऱ्या शेतकऱ्याला गाडीची पारख परकी नव्हती. फक्त पाहणारा डोळा मिस्तरीचा लागे.

ही पारख आजही जवळपास तशीच चालते. गाडी पाहायला सकाळी जायचे, इंजिन थंड असताना. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर शंका घ्यायची. सुरू केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळते, रिंगांचे किंवा व्हॉल्व्ह सीलचे काम निघणार. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाणी इंजिनात जात असण्याची भीती. ऑइलचे झाकण काढून वाफ किती जोराने येते ते पाहायचे. बॉनेट आणि दरवाजांच्या बोल्टांवरचा रंग उडाला असेल तर ते कधीतरी खोलले आहेत. पत्र्यावर लोहचुंबक फिरवला की जिथे लांबी जाड भरली आहे तिथे तो धरत नाही. मीटरवरचे आकडे सगळ्यांत शेवटी पाहायचे, कारण ते मागे नेता येतात. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची घासलेली चकाकी आणि चालकाच्या आसनाची बसकी गादी यांवरून चाललेल्या किलोमीटरचा अधिक खरा अंदाज येतो.

गाडी कोणत्या ‘पासिंग’ची आहे, हाही किमतीचा भाग असतो. लातूरची एमएच-२४ आणि नांदेडची एमएच-२६ ही आपली, माहितीतली. पुण्याची एमएच-१२ चांगली मानली जाते. मुंबईच्या गाडीचा तळ खाऱ्या हवेने गंजला आहे का, हे जॅक लावून पाहिले जाते. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात हजारो मोटारी बुडाल्या, आणि विमा कंपन्यांच्या लिलावांतून तशा गाड्या लांबलांबच्या बाजारांत पांगल्या. तेव्हापासून सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या मुळाशी पाण्याची रेघ शोधणे आणि गालिचा उचलून गाळ पाहणे तपासणीत आले. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आल्यावर तिकडच्या स्वस्त गाड्या महाराष्ट्रातही आल्या. अशा गाडीला मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि इथला कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो. हा खर्च न मोजता घेतलेली गाडी स्वस्त पडत नाही.

मिस्तरीच्या हातातले काम मात्र बदलत गेले. कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आले, डिझेलला कॉमन रेल आले. बीएस-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. स्क्रू फिरवून आणि कान लावून इंजिन ‘सेट’ करणे आता पुरत नाही. स्कॅनर लावून कोड वाचावा लागतो. पंपवाल्यांपैकी ज्यांना महागडी यंत्रे घेता आली ते टिकले. जुन्या उस्तादांपैकी अनेकांची मुले आता स्कॅनर चालवतात, पण आवाजावरून दोष ओळखण्याचे त्यांच्या वडिलांचे कसब पुढच्या पिढीत उतरलेले नाही, आणि ते मोठे नुकसान आहे.

या बाजाराची सर्वांत दुबळी बाजू कागदाची राहिली. विकणारा टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी हस्तांतराच्या अर्जावर, सही करून देई आणि तारीख, घेणाऱ्याचे नाव कोरे राही. दलाल तोच फॉर्म पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला देत असे. गाडी तीन-चार हात फिरे आणि नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राही. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवणे आवश्यक आहे. त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकामागून एक विकल्या गेलेल्या एका गाडीच्या अपघात प्रकरणात स्पष्ट केले की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी अधिकृत नोंदणीचे नियम लागू झाले. गाडी अशा विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची माहिती ऑनलाइन कळवली की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. ओळखीच्या दलालाला कोरा सही केलेला फॉर्म देऊन गाडी विकणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.