मोटारगाडीतील प्रज्वलन वितरक : दोष व त्यांचा शोध

पेट्रोलवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन एंजिनाच्या सिलिंडरात दाबल्या गेलेल्या हवा-इंधन मिश्रणाला योग्य क्षणी पेटविण्याच्या क्रियेस प्रज्वलन असे म्हणतात. एकाच वेटोळ्यापासून मिळणारा उच्च दाबाचा विद्युत् प्रवाह निरनिराळ्या सिलिंडरांच्या ठिणगी-गुडद्यांना पाळीपाळीने पुरविणारे साधन म्हणजे वितरक होय. विद्युत् घटमाला, प्रवर्तन वेटोळे, प्रवाह-खंडक व वितरक यांची बनलेली प्रज्वलन प्रणाली १९२० नंतरच्या दशकापासून सुमारे १९७५ पर्यंत जगातील बहुसंख्य मोटारगाड्यांत वापरात होती. भारतात ती त्यानंतरही बराच काळ टिकली. ही प्रणाली निर्दोष होती म्हणून रूढ झाली, असे मात्र म्हणता येत नाही. तिच्यात वारंवार बिघाड होत. पण ते साध्या हत्यारांनी हुडकता व दुरुस्त करता येत. पुढे ती मागे पडली ती चालकाच्या लक्षात न येणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या दोषांमुळे.

इतिहास : पॅरिस येथे एत्येन लन्वार यांनी १८६० मध्ये तयार केलेल्या वायू एंजिनात विद्युत् घट व प्रवर्तन वेटोळे यांच्या साहाय्याने ठिणगी पाडली जात असे. ही पद्धत इतकी बेभरवशाची ठरली की, निकोलाउस ओटो यांनी १८७६ च्या आपल्या चार धावी एंजिनात वीज सोडून उघड्या ज्योतीचा आश्रय घेतला. गोटलीप डाइमलर यांनी १८८३ मध्ये बाहेरून तापविलेल्या लाल नळीची योजना केली. नळी कधी विझेल याचा नेम नसे. शिवाय मिश्रण नेमके केव्हा पेटावे हे तिच्या योगाने ठरविता येत नसल्याने एंजिनाच्या वेगावर मर्यादा पडे. कार्ल बेंझ यांनी १८८६ च्या आपल्या गाडीत पुन्हा विद्युत् प्रज्वलन आणले. मोटारगाडीच्या रचनेतील सर्वांत अवघड प्रश्न प्रज्वलनाचा आहे, असे त्यांचे मत होते. गाडीवर विद्युत् जनित्र नसल्यामुळे घट वारंवार भारित करावे लागत, ही त्यातील मुख्य अडचण होती.

या अडचणीवर चुंबकी जनित्र म्हणजे मॅग्नेटो हा तोडगा निघाला. श्टुटगार्ट येथील रोबर्ट बोश यांच्या कारखान्याने १८९७ मध्ये असे जनित्र वाहनाच्या एंजिनास बसविले. त्यात ठिणगीसाठी सिलिंडरच्या आत हलणारे स्पर्शक लागत आणि ते काजळीने व उष्णतेने खराब होत. बोश यांचे सहकारी गोटलोप होनोल्ट यांनी १९०१ च्या अखेरीस उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याबरोबर ठिणगी-गुडदी सिद्ध केली, तेव्हा सिलिंडरातील हलते भाग नाहीसे झाले. मॅग्नेटोला घटमाला लागत नाही, म्हणून विमानांच्या दट्ट्याच्या एंजिनांत तो आजही वापरतात. मोटारगाडीत मात्र त्याचा एक दोष जाचक होता : हाताने दांडा फिरवून एंजिन सुरू करताना वेग कमी असतो आणि नेमक्या त्याच वेळी त्याची ठिणगी दुर्बल असते. फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी गाडीत (१९०८-२७) प्रचक्रावर चुंबक बसवून प्रत्येक सिलिंडरासाठी स्वतंत्र कंप पावणारे वेटोळे दिलेले असे. म्हणजे वितरकाची गरजच नव्हती. त्याऐवजी चार वेटोळ्यांचे कंपन सारखे जुळविण्याचे काम मालकाच्या माथी येई.

अमेरिकेतील ओहायओ राज्यात डेटन येथे चार्ल्स केटरिंग (१८७६-१९५८) यांनी निराळा मार्ग धरला. रोकड-नोंद यंत्रांच्या कारखान्यात त्यांनी विद्युत् यंत्रणांवर काम केले होते. १९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्या साहाय्याने त्यांनी ‘डेल्को’ ही संस्था स्थापन केली. त्यांची प्रज्वलन प्रणाली १९१० च्या कॅडिलॅक गाडीवर बसविण्यात आली. प्रारंभी ती कोरड्या घटांवर चालत असे. १९१२ च्या कॅडिलॅकवर केटरिंग यांचाच विद्युत् आरंभक आला आणि त्याबरोबर जनित्र व संचायक घटमाला यांना गाडीत कायमचे स्थान मिळाले. प्रज्वलनाला लागणारी वीज आता आयती उपलब्ध झाली व मॅग्नेटोचे मुख्य समर्थनच संपले. फोर्ड कंपनीनेही १९२७ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल ए गाडीत घटमाला व वितरक यांचा स्वीकार केला.

रचना व कार्य : कार्यशाळेच्या बोलीत ज्यांना कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर व प्लग म्हणतात ते या प्रणालीचे प्रमुख भाग होत. वेटोळ्याच्या प्राथमिक गुंडाळीतून स्पर्शक मिटलेले असताना सु. ३ ते ४ अँपिअर प्रवाह वाहतो व गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते. वितरकाच्या दंडावरील कॅम स्पर्शक उघडतो, त्याक्षणी प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि द्वितीयक गुंडाळीत १५,००० ते २५,००० व्होल्ट दाब प्रवर्तित होतो. तो झाकणाच्या मध्यातून फिरत्या हाताकडे व तेथून ज्याची पाळी असेल त्या सिलिंडराच्या गुडदीकडे जातो. स्पर्शकांना समांतर जोडलेले सु. ०·२ मायक्रोफॅराड क्षमतेचे धारित्र प्रवाह झटकन तोडण्यास मदत करते. ते नसेल, तर स्पर्शकांमध्येच प्रज्योत निर्माण होते, गुडदीपाशी ठिणगी पडत नाही व स्पर्शक जळतात.

हे सारे किती घाईत घडते याची कल्पना पुढील हिशोबावरून येईल. चार सिलिंडरांचे चार धावी एंजिन दर मिनिटास ३,००० फेरे करीत असेल, तर स्पर्शकांना सेकंदाला १०० वेळा उघडमीट करावी लागते. प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला एक सेकंदाचा शंभरावा भाग येतो व त्याचा सु. दोन-तृतीयांश वेळच स्पर्शक मिटलेले असतात. वेग वाढला की चुंबकीय क्षेत्र पुरते तयार होण्यास अवधी उरत नाही. मॅग्नेटोची ठिणगी मंद वेगात दुर्बल, तर या प्रणालीची अतिवेगात दुर्बल.

ठिणगीचा क्षणही सतत बदलावा लागतो. एंजिनाचा वेग वाढला की केंद्रोत्सारी वजने कॅमला पुढे ढकलतात व ठिणगी लवकर पडते. हलक्या भारावर हेच काम अंतर्ग्रहण नळीतील निर्वातावर चालणारे पटल करते. त्यासाठी पटल स्पर्शकांची तबकडी हलविते.

अचानक उद्‌भवणारे दोष : गाडी चालता चालता बंद पडली किंवा सुरूच झाली नाही, तर दोष इंधनात आहे की ठिणगीत हे प्रथम ठरवावे लागते. त्यासाठी वेटोळ्याकडून येणारी मधली जाड तार झाकणातून काढून एंजिनाच्या धातूपासून सु. ६ मिमी. अंतरावर धरीत व आरंभकाने एंजिन फिरवीत. निळसर, कडकडणारी ठिणगी मिळाल्यास दोष पुढे म्हणजे झाकण, फिरता हात, तारा किंवा गुडद्या यांत असतो. ठिणगी पिवळसर व अशक्त असेल वा मुळीच नसेल, तर मागे वळावे लागते. या एका परीक्षेने शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते, आणि जुन्या कारागिरांचे सगळे कौशल्य अशा निम्मे-निम्मे करण्यातच होते.

मागील बाजूच्या तपासणीस एक साधा दिवा पुरतो. वेटोळ्याचे वितरकाकडील टोक व गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये तो जोडून एंजिन हळूहळू फिरवले असता स्पर्शक उघडताना दिवा लागला पाहिजे व मिटताना विझला पाहिजे. तो सतत पेटलेला राहिल्यास स्पर्शक मिटत नाहीत, त्यांच्यावर थर बसला आहे किंवा वितरकाचा सांगाड्याशी संबंध तुटला आहे. तो कधीच लागला नाही, तर वितरकाकडे जाणारी बारीक तार वेटोळ्यावरून सोडवून पाहतात. आता दिवा लागल्यास धारित्र किंवा स्पर्शकांची जोडणी सांगाड्याला चिकटलेली असते. तरीही न लागल्यास वीज वेटोळ्यापर्यंत पोचतच नाही किंवा वेटोळ्याची प्राथमिक गुंडाळी तुटलेली असते.

काही लक्षणे तर जवळजवळ नाव सांगूनच येतात. किल्ली फिरवलेली असेपर्यंत एंजिन पेटते आणि किल्ली सोडताच बंद पडते, अशा वेळी वेटोळ्याच्या मार्गातील रोधक तुटलेला असतो. कारण आरंभाच्या वेळी वीज त्याला वळसा घालून जाते. थंड असताना नीट चालणारी गाडी तापल्यावर बंद पडते व अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होते, तेव्हा संशय वेटोळे व धारित्र यांवर जातो. उष्णतेने निरोधन दुबळे होते आणि थंड कार्यशाळेत तपासले असता दोन्ही निर्दोष भासतात. वितरकाच्या आतील बारीक लवचिक तार हा याहून फसवा दोष होय. निर्वातामुळे तबकडी हलली की ही तार वाकते. वर्षानुवर्षे वाकून तिचे आतले धागे तुटतात, पण वरचे आवरण शाबूत राहते. गाडी उभी असताना तपासणीत सारे ठीक दिसते आणि चढावर मात्र ती धक्के देते.

ओलावा हा तर वितरकाचा जुना वैरी. झाकणाच्या आत दव धरले किंवा चीर पडली की उच्च दाबाची वीज गुडदीऐवजी पृष्ठभागावरून वाट काढते व तेथे कोळशाची बारीक रेघ उमटते. ही रेघ नंतर कोरड्या हवेतही वीज वाहून नेते; म्हणून झाकण पुसून भागत नाही, ते बदलावे लागते. १९५९ मध्ये इंग्लंडात आलेल्या मिनी गाडीचे एंजिन आडवे बसविलेले असल्याने वितरक पुढच्या जाळीच्या अगदी मागे आला व पावसात गाड्या बंद पडू लागल्या. पुढे त्यास आडोसा द्यावा लागला. मुंबईच्या पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडीचे झाकण उघडून कोरड्या फडक्याने वितरक पुसणारे चालक हे दृश्य अनेक वर्षे परिचयाचे होते.

सावकाश वाढणारे दोष : वरील दोष गाडीला उभी करतात, म्हणून ते दुरुस्त होतात. कॅमवर घासणारा स्पर्शकाचा तंतुमय पाय मात्र झिजत जातो. त्यामुळे स्पर्शकांतील अंतर (साधारणतः ०·३५ ते ०·५० मिमी.) कमी होते व ठिणगी हळूहळू उशिरा पडू लागते. गुडदीच्या टोकांमधील अंतर उलट वाढते व अधिक दाबाची गरज भासते. वजनांच्या कमान्या सैल पडल्या की ठिणगी अवाजवी लवकर पडून एंजिन ठोके देते. निर्वात पटल फाटले, तर चालकाला काहीच जाणवत नाही. फक्त इंधन जास्त लागते. दंडाची बुशे झिजली की तो डगमगतो व प्रत्येक सिलिंडराची ठिणगी निराळ्या क्षणी पडते. मग अंतर कितीही काळजीपूर्वक लावले तरी ते खरे नसते.

अंतर मोजण्याची पत्तीही येथे फसवते. वापरलेल्या एका स्पर्शकावर खड्डा व दुसऱ्यावर उंचवटा झालेला असतो. पत्ती उंचवट्यावर टेकते व प्रत्यक्षातले अंतर तिने दाखविलेल्या अंतरापेक्षा अधिक असते. यामुळे स्पर्शक किती अंशांपर्यंत मिटलेले राहतात हे मोजणारी उपकरणे, ठिणगीचा क्षण दाखविणारा लुकलुकणारा दिवा आणि पुढे मोठ्या कार्यशाळांत विद्युत् दाबाचा आलेख दाखविणारे दोलनदर्शक प्रचारात आले. रस्त्याकडेचा कारागीर काचकागदाची पट्टी ओढून स्पर्शक घाशी. त्याने गाडी चाले खरी. पण कागदाचे कण टंगस्टनात रुतत व महिन्याभरात तीच तक्रार पुन्हा येई. बारीक कानस किंवा सरळ नवे स्पर्शक हाच योग्य उपाय होता.

अमेरिकेत १९७० मध्ये झालेल्या हवा शुद्धीकरणाच्या कायद्यानंतर या सावकाश दोषांना निराळे महत्त्व आले. गाडीच्या निष्कास वायूंचे प्रमाण ५०,००० मैलांपर्यंत (सु. ८०,००० किमी.) मर्यादेत राहावे अशी अपेक्षा ठेवण्यात आली, स्पर्शक तर त्याच्या पाचव्या हिश्शाइतके अंतरही धडपणे काढीत नसत. न पेटलेले मिश्रण उत्प्रेरक परिवर्तकात जाऊन जळते व तो निकामी होतो, हीही अडचण होती. ट्रँझिस्टरचे प्रज्वलन १९६३ पासून ऐच्छिक रूपात मिळत होते, परंतु त्याला मागणी बेताची होती. क्राइस्लर कंपनीने १९७३ च्या आपल्या अमेरिकी गाड्यांत व जनरल मोटर्सने १९७५ मध्ये स्पर्शकविरहित प्रणाली सर्रास बसविली. बोश कंपनीच्या १९७९ च्या ‘मोट्रॉनिक’ प्रणालीत प्रज्वलन व इंधन-अंतःक्षेपण यांचे नियंत्रण एकाच संगणकाकडे आले. त्यानंतर प्रत्येक गुडदीवर स्वतंत्र वेटोळे बसविण्याची रीत वाढत गेली व वितरक अनावश्यक ठरला. फ्रान्समधील सिट्रोएन २ सीव्ही या दोन सिलिंडरांच्या गाडीला तो १९४८ पासूनच नव्हता. तिच्या दोन्ही गुडद्यांत एकाच वेळी ठिणगी पडे व त्यांपैकी एक वाया जाई.

भारतात : कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनणारी फियाट ११०० व तिचेच पुढचे नाव असलेली प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत स्पर्शकांचा वितरक होता, तसाच तो अँबॅसडरमध्येही होता. मुंबईच्या टॅक्सींमध्ये पद्मिनीची संख्या मोठी असल्याने येथील कारागिरांची एक पिढी या एकाच प्रणालीवर तयार झाली. २००० नंतरच्या दशकात या टॅक्सी संपीडित नैसर्गिक वायूवर चालू लागल्या, तेव्हा पेट्रोलवर न जाणवणारे दोष उघडे पडले. नैसर्गिक वायूच्या मिश्रणात ठिणगी पाडण्यास अधिक दाब लागतो. परिणामी जुन्या तारा, भेगाळलेली झाकणे व दुबळी वेटोळी लगेच हार खात. गुडदीतील अंतर कमी करून व ठिणगी थोडी लवकर पाडून काम भागवावे लागे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या.

हौसेने जतन केलेल्या जुन्या गाड्यांत आता पुष्कळदा स्पर्शक व धारित्र काढून त्या जागी, मूळ वितरकाच्याच आत, चुंबकीय संवेदक बसवितात. पायाची झीज व जळके स्पर्शक यांतून त्यामुळे सुटका होते. झिजलेली बुशे, अडकलेली वजने, फाटलेले पटल व झाकणातील कोळशाची रेघ ही मात्र तशीच राहतात. तसेच संवेदकाचा बिघाड दिव्याने व पत्तीने हुडकता येत नाही. तार मोकळी धरून ठिणगी पाहण्याची जुनी परीक्षा अशा गाडीवर केल्यास संवेदकाचे मंडल जळू शकते.