भरल्या कमळकाकडीचं घराणं

जपानच्या क्युशू बेटावरच्या कुमामोतो शहरात ‘कराशी रेनकोन’ मागवलं, की ताटलीत जाडसर गोल चकत्या येतात. कडेने तळलेल्या आवरणाचं पिवळंधमक वलय, आत पांढुरकी कमळकाकडी आणि तिच्या एकेका भोकात ठासून भरलेलं मोहरीचं सारण. चावताना कमळकाकडी करकरते, मिसो या आंबवलेल्या जपानी लगद्याचा खारट-गोडसर स्वाद लागतो आणि पाठोपाठ मोहरी थेट नाकात चढते. डोळ्यांत पाणी येतं, मग झिणझिण्या ओसरतात आणि हात पुढच्या चकतीकडे जातो. कुमामोतोत ही भरली कमळकाकडी नववर्षाच्या जेवणात असते. कमळकाकडीच्या भोकांतून पुढचं वर्ष स्वच्छ दिसतं, अशी जपानभर समजूत आहे.

हा पदार्थ करताना पाहावा असा आहे. कमळकाकडी किंचित व्हिनेगर घातलेल्या पाण्यात उकडून निथळत ठेवतात. क्युशूत जवापासून केलेला मिसो वापरतात. त्यात मोहरीची पूड आणि थोडा गोडवा घालून घट्टसर गोळा मळतात. हे सारण चमच्याने भरत नाहीत. गोळ्याचा ढीग करून त्यावर कमळकाकडीचं कापलेलं टोक उभं टेकवायचं आणि ती वरून दाबत, ठोकत राहायचं. सारण भोकांतून वर चढत जातं आणि शेवटी वरच्या टोकाला डोकावतं. प्रत्येक भोकातून ते वर आलं, म्हणजे काम झालं. मग सारण मुरायला वेळ द्यायचा, हळद घातलेल्या पिठात अख्खी कमळकाकडी बुडवायची आणि तळायची.

मोहरीचा झणका कुठून येतो, हे मोहरी फेसणाऱ्या घरात सांगायला नको. कोरडी मोहरी मुकी असते. ती भरडून ओली केली, की तिच्यातलं विकर कामाला लागतं आणि झोंबणारं तेल तयार होतं. हे तेल उडून जाणारं आहे, म्हणूनच ते जिभेपेक्षा नाकाला जास्त कळतं आणि म्हणूनच ते फार काळ टिकत नाही. हा पदार्थ ताजाच खायचा, ही अट अशी त्याच्या घडणीतच आहे. ती मोडल्यावर काय झालं, ते पुढे येईलच.

कुमामोतोत या पदार्थाची जन्मकथा सगळ्यांना तोंडपाठ असते. १६३२ साली होसोकावा तादातोशी हा सरदार कोकुराहून कुमामोतोचा अधिपती म्हणून आला. तो प्रकृतीने नाजूक होता. गेंताकु नावाच्या बौद्ध भिक्षूने त्याला कमळकाकडी खायला सुचवलं, कारण ती रक्त वाढवते असं जुन्या चिनी ग्रंथांत सांगितलं होतं. पण चिखलात वाढलेलं मूळ सरदाराच्या ताटात कसं वाढायचं? मग हेइगोरो नावाच्या स्वयंपाक्याने त्यात मोहरी आणि मिसो भरून ते तळलं, आणि सरदाराला ते आवडलं. हेइगोरोचा वारसा सांगणारं दुकान आजही शहरात चालू आहे.

ही परंपरेने चालत आलेली कथा आहे. मात्र तिच्यातला माणूस कागदपत्रांतही भेटतो. होसोकावा घराण्याने आपलं दप्तर जिवापाड जपलं. त्याच्या जतनासाठी १९५० मध्ये ‘एइसेइ बुंको’ ही संस्था स्थापन झाली. याच दप्तरात, १६२७ पासून कोकुराच्या मुलखात रानद्राक्षांपासून वाईन करून घेतल्याच्या नोंदी आहेत. वाईन तेव्हा परदेशी औषध म्हणूनही घेतली जाई. आपल्या प्रकृतीसाठी नवं काही करून पाहणारा हा सरदार होता, एवढं त्यावरून दिसतं. कमळकाकडीची कथा त्याच्या स्वभावाला शोभून दिसते, ती म्हणूनच.

पण या पदार्थाच्या घराण्याचा मागोवा घ्यायचा तर जन्मकथेच्याही मागे जावं लागतं. कुमामोतोचा किल्ला तादातोशीच्या आधी होऊन गेलेल्या अधिपतीने, कातो कियोमासाने, १६०७ मध्ये पुरा केला. त्याआधी १५९७-९८ च्या हिवाळ्यात कोरियातल्या उल्सानच्या वेढ्यात हा सेनापती अडकला होता. तिथे त्याच्या माणसांनी भूक आणि तहान काय असते ते भोगलं. कुमामोतोचा किल्ला बांधताना त्याने आत १२० विहिरी खोदल्या. अंगणात त्याने गिंको लावला, आणि लोक किल्ल्याला त्या झाडाच्या नावानेच ओळखू लागले. वेढा पडलाच तर गिंकोच्या बिया पोटाला आधार देतील, हा त्यामागचा हिशेब असल्याचं सांगतात. खंदकातली कमळंही अशाच अडीअडचणीसाठी होती, असं कुमामोतोकर मानतात. खायच्या मुळांची बेगमी करणारा किल्ला आणि आजारी अधिपती एकत्र आले, तिथे हा पदार्थ जन्मला.

तळण्याची रीत त्याहून लांबून आली. पिठात बुडवून तळायचं तंत्र जपानला पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी आणि पाद्र्यांनी दिलं, असं सर्वसाधारणपणे मानतात. तेम्पुरा या जपानी तळणाचा उगमही तिथेच शोधला जातो. या पोर्तुगीजांचं पूर्वेकडचं मुख्य ठाणं गोवा. फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून मलाक्कामार्गे १५४९ मध्ये क्युशूच्याच दक्षिण टोकाला, कागोशिमाला उतरला. पुढे व्यापारी जहाजं गोव्याहून मकाव आणि मकावहून नागासाकी असा प्रवास करत. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना दार बंद केलं, तोवर हे तळण क्युशूच्या स्वयंपाकघरात मुरलेलं होतं.

तिसरा धागा थेट भारतातून निघतो. होसोकावा घराण्याचं चिन्ह आहे ‘कुयो’: मधे एक मोठा गोल आणि भोवती आठ छोटे. हे आपले नवग्रहच. भारतीय ज्योतिषातली ही कल्पना बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमध्ये गेली. अमोघवज्र या आचार्याने ७५९ मध्ये ग्रह-नक्षत्रांवर चिनी भाषेत ग्रंथ सिद्ध केला, आणि ८०६ मध्ये भिक्षू कूकाइने तो जपानला नेला. राहू आणि केतूसकट नऊही ग्रह तिथे पुजले गेले, अनिष्ट टाळणारं चिन्ह म्हणून रथांवर आणि वस्त्रांवर आले आणि पुढे सरदारांची निशाणी बनले.

कमळकाकडीची चकती या चिन्हासारखी दिसते, म्हणून हा पदार्थ होसोकावांच्या घराबाहेर जाऊ दिला जात नसे, असं परंपरा सांगते. मोजायला गेलं तर कमळकाकडीत बहुधा मधे एक आणि भोवती नऊच्या आसपास भोकं असतात, म्हणजे हिशेब तंतोतंत जुळत नाही. पण नजरेला साम्य पटतं. आणि त्या काळी चिन्हाची किंमत किती होती, याची नोंद इतिहासात आहे. १७४७ मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्यात होसोकावा मुनेताका या अधिपतीचा पाठीमागून वार करून खून झाला. मारेकऱ्याला मारायचं होतं दुसऱ्याच माणसाला, पण पाठीवरचं चिन्ह सारखं दिसल्याने त्याची गफलत झाली. त्यानंतर होसोकावांनी भोवतीचे आठ गोल लहान आणि सुटे करून घेतले. ज्या चिन्हापायी अधिपतीचा जीव गेला, ते चिन्ह दाखवणारा पदार्थ कुणाच्याही ताटात जाऊ नये असं वाटणं समजण्यासारखं आहे.

१८६८ च्या मेइजी क्रांतीनंतर सरदारी गेली आणि भरली कमळकाकडी सर्वांची झाली. १८७७ मध्ये साइगो ताकामोरीच्या बंडखोर सामुराईंनी किल्ल्याला पन्नासहून अधिक दिवस वेढा घातला. मुख्य बुरूज वेढ्याच्या तोंडावरच आगीत भस्मसात झाला होता, पण किल्ला पडला नाही. कियोमासाची तयारी पावणेतीनशे वर्षांनी कामी आली.

पुढे रेल्वे आली, पर्यटक आले आणि भेटवस्तू नेण्याच्या जपानी प्रथेने कराशी रेनकोनला शहराबाहेर काढलं. मग हवाबंद पाकिटं आली. १९८४ च्या जूनमध्ये अशाच पाकिटांतली कमळकाकडी खाऊन लोक आजारी पडू लागले. दृष्टी अंधुक व्हायची, गिळता येईना, श्वास अडकायचा. तो बोट्युलिझम, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने होणारा आजार होता. जपानच्या अनेक प्रांतांत मिळून ३६ जण आजारी पडले, त्यांतले ११ दगावले.

दोष मोहरीच्या पुडीतून आला होता. बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, आणि उकळीनेही ते मरत नाहीत. तळणाची उष्णता तर सारणाच्या मध्यापर्यंत पुरती पोचतही नाही. ताज्या पदार्थात या बीजाणूंना वाढायला सवड मिळत नाही. पण हवा काढून घेतलेल्या पाकिटात, साध्या तापमानाला, दिवसचे दिवस पडून राहिल्यावर त्यांना हवं ते सगळं मिळालं. जे पाकीट टिकाऊपणाची हमी म्हणून वापरलं, त्यानेच विष तयार व्हायला वाव दिला. तेव्हा कुमामोतो प्रांताचे राज्यपाल होते होसोकावा मोरिहिरो, त्याच जुन्या घराण्यातले. हेच पुढे १९९३ मध्ये जपानचे पंतप्रधान झाले.

पदार्थ मात्र संपला नाही. कुमामोतोच्या कारागिरांनी तो पुन्हा सावरला. आज तो थंड कपाटात ठेवून, थोडक्या मुदतीत खायचा म्हणून विकतात.

आज तिथे जाणं सोपं आहे. फुकुओकाच्या हाकाता स्थानकाहून शिंकान्सेनने कुमामोतो जेमतेम पाऊण तास. शहरात ट्राम आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी ‘जोसाइएन’ हा खाद्यपदार्थांचा आणि दुकानांचा परिसर २०११ पासून आहे, तिथे कराशी रेनकोन मिळतं. शाकाहारी मंडळींनी आवरणात अंडं आहे का, हे विचारून घ्यावं. किल्ल्यात पाहायच्या त्या तटाच्या भिंती. खाली सहज चढता येईलशा वाटणाऱ्या या भिंती वर जाता जाता उभ्या सरळ होतात आणि चढणाऱ्याला परतवतात. २०१६ च्या एप्रिलमधल्या भूकंपांनी यातल्या अनेक भिंती कोसळल्या. १९६० मध्ये काँक्रीटने पुन्हा उभारलेला मुख्य बुरूज दुरुस्त होऊन २०२१ मध्ये खुला झाला. बाकीचं काम २०५२ पर्यंत चालणार आहे. पडलेल्या दगडांना क्रमांक देऊन ते जागच्या जागी परत बसवले जात आहेत, आणि हे काम उंच पादचारी मार्गावरून पाहता येतं.

ट्रामने पुढे गेलं की सुइझेनजी जोजुएन ही बाग. तादातोशीने १६३६ च्या सुमारास इथे गेंताकुसाठी मंदिर उभारलं, पुढे त्याची बाग झाली. तळ्यातलं पाणी आसो ज्वालामुखीच्या बाजूने जमिनीखालून येतं. भूकंपानंतर तळं आटलं होतं, काही आठवड्यांनी झरे परतले. सगळ्या कुमामोतो शहराचं नळाचं पाणीही असंच भूगर्भातलं आहे. वेळ असेल तर शहराबाहेरची रेइगांदो गुहाही पाहावी. मियामोतो मुसाशी हा नामांकित तलवारबहाद्दर १६४० मध्ये तादातोशीचा पाहुणा म्हणून आला होता. यजमान पुढच्याच वर्षी वारला. मुसाशी इथेच राहिला आणि या गुहेत त्याने आपला तलवारविद्येचा ग्रंथ लिहिला.

परंपरा म्हणजे जुनी कृती आणि जुनं नाव, एवढंच आपण धरतो. कराशी रेनकोनचा मागोवा सांगतो की पदार्थाची मुदतही त्याच्या परंपरेचाच भाग असते. सरदाराच्या मुदपाकखान्यातून ताटापर्यंतचं अंतर थोडं होतं, त्या अंतरासाठी हा पदार्थ घडला. ते अंतर आठवड्यांचं केलं तेव्हा अकरा माणसं गेली. म्हणून कुमामोतोला जाणाऱ्याने तो बॅगेत भरून घरी आणायचा हट्ट धरू नये. त्याच शहरात, केल्या दिवशी, नाकाला झणका लागेपर्यंत तो खावा. बुरशी लागलेली, वास बदललेली वस्तू आपण फेकतो. बोट्युलिझमचं विष मात्र ना दिसतं, ना कळतं. तिथे भरवसा फक्त ताजेपणाचा आणि थंडाव्याचा, आणि कुमामोतोचे कारागीर तो आज काटेकोरपणे जपतात.