नांगर (जहाजाचा)

नांगर : जहाज, गलबत किंवा होडी पाण्यात एका जागी धरून ठेवण्यासाठी साखळीला वा दोराला बांधून तळाशी सोडायचे साधन. शेतीच्या अवजारालाही मराठीत हेच नाव आहे. चाकूर, अहमदपूर, उदगीरकडच्या काळ्या रानात ‘नांगर’ म्हटले की फाळ आणि रुमणे डोळ्यांसमोर येते; मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरात साखळी आणि कडी. शेताचा नांगर संस्कृत ‘लाङ्गल’ शब्दावरून आला. जहाजाच्या साधनाला फारसीत व हिंदीत ‘लंगर’ म्हणतात. मराठीने दोन्हींना एक नाव दिले आणि ते सार्थ आहे, कारण दोघांचेही काम जमिनीत रुतल्याशिवाय होत नाही.

भाग : जुन्या धाटणीच्या नांगराच्या माथ्यावर कडी असते, तिला साखळी जोडतात. कडीखालचा सरळ दांडा म्हणजे शँक. कडीजवळच त्याला आडवा बसवलेला दांडा म्हणजे स्टॉक. शँकच्या बुडाला क्राउन म्हणतात. तिथून दोन हात बाक घेऊन वर वळतात आणि त्यांच्या टोकांना रुंद, अणकुचीदार फाळ असतात. स्टॉक आणि हात एकमेकांशी काटकोनात असल्यामुळे नांगर तळावर कसाही पडला, तरी ओढ बसताच कलंडतो आणि एक फाळ खाली रोखला जातो. आजच्या मोठ्या जहाजांच्या नांगराला स्टॉक नसतो; त्याचे हात बिजागरीवर फिरतात, दोन्ही फाळ एकदम रुततात आणि वर घेताना शँक नाळेजवळच्या नळीत सरळ ओढून घेता येतो.

कार्य : जहाज थांबते ते नांगराच्या नुसत्या वजनाने नव्हे, तर पकडीने. पाण्याच्या खोलीच्या साधारण पाच ते सात पट साखळी सोडतात. तिचा खालचा भाग तळावर लोळत राहतो, त्यामुळे ओढ आडवी लागते आणि फाळ अधिक खोल जातो. चिखल व वाळूत पकड चांगली बसते, खडकावर नांगर घसरतो. साखळी ‘शॅकल’ या मापाने मोजतात; एक शॅकल म्हणजे १५ वाव, सुमारे २७.५ मीटर. नांगर उचलताना साखळी ओढून उभी केली की ओढ वरच्या दिशेने लागते आणि फाळ सुटतो. शेतात तासाच्या शेवटी बैल वळवताना नांगऱ्या रुमणे धरून नांगर उचलतो, तेव्हा मातीतला फाळही असाच मोकळा होतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री इन्ग्रॅम टेलर यांनी १९३३ मध्ये शेतातल्या नांगराच्या फाळाचा आकार घेऊनच छोट्या बोटींसाठी ‘सीक्यूआर’ नांगर तयार केला.

दगडी नांगर : लोखंडी नांगर सर्रास होण्यापूर्वी आणि नंतरही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर दगडी नांगर वापरात होते. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग येथे असे नांगर आढळले आहेत. हिंद-अरबी म्हणून ओळखला जाणारा प्रकार म्हणजे घडवलेला लांबट दगडी खांब. त्याच्या वरच्या टोकाला दोरासाठी गोल छिद्र आणि खालच्या भागात दोन चौकोनी छिद्रे असतात. त्या छिद्रांत लाकडी दांडे अडकवत. इथे वजन दगडाचे आणि पकड लाकडी फाळांची.

प्रतीक : वादळात खलाशाचा भरवसा नांगरावर, म्हणून तो स्थैर्याचे आणि आशेचे चिन्ह झाला. सेल्युकसच्या घराण्याने तो नाण्यांवर घेतला. रोममधील भुयारी दफनस्थळांत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी आशेची खूण म्हणून तो कोरला. ब्रिटिश नौखात्याच्या मुद्रेवर दोर गुंडाळलेला नांगर आहे. प्रत्यक्षात दोर असा अडकला तर नांगर नीट रुतत नाही, पण चिन्ह म्हणून तोच जगभर पसरला आणि भारतीय नौदलाच्या मानचिन्हातही राहिला. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत विमानवाहू नौका ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली, त्या दिवशी नवा नौदल ध्वज आला. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या निळ्या अष्टकोनात, राष्ट्रचिन्हाखाली, वरुणाकडे कल्याण मागणाऱ्या ब्रीदासह त्यावर नांगर आहे. त्या नांगराला गुंडाळलेला दोर आता काढलेला आहे.