गिरणगावातलं ताट

मुंबई बाहेर जेवायला शिकली ती हौसेपोटी नाही. घरी बाई नाही, चूल नाही, झोपायला सतरंजीचा एक पट्टा आणि तोही पाळीपाळीने, अशी हजारो माणसं या शहरात येऊन पडली म्हणून ती शिकली. कावसजी दावर यांच्या कापडगिरणीची जुळवाजुळव १८५४ साली झाली, १८५६ साली ती चालू झाली. पुढच्या पन्नासेक वर्षांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ असं करत चिमण्यांचं रानच उभं राहिलं. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा गडी बायकापोरांना गावी ठेवून यायचा आणि गाववाल्यांच्या खोलीत शिरायचा. एका खोलीत दहा-पंधरा जण. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच जागेवर आडवे व्हायचे. आता या माणसांनी जेवायचं कुठे?

तर खाणावळीत. खाणावळ म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे पाटी, गल्ला, टेबलं येतात. गिरणगावातली खाणावळ म्हणजे चाळीतली एक खोली. त्यात एक बाई, दोन स्टो, आणि भिंतीकडेला पंगत. बाईचा नवरा बहुधा गिरणीतच असायचा, कधी वारलेला किंवा टाकून गेलेला असायचा. ती दहा, वीस, कधी तीस गड्यांचं करायची. दोन टाइमचं जेवण, आठवड्यातून एकदोनदा मटण नाहीतर मासळी, आणि पैसे महिन्याचे, पगार झाल्यावर. एखादा गडी गावी गेला तर ‘खाडा’ धरायचा, म्हणजे त्या वेळचे पैसे वजा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीच्या फुल्या मारलेल्या असत. तोच तिचा जमाखर्च.

इतिहासात गिरण्यांचे संप आहेत, पुढाऱ्यांची भाषणं आहेत. १९२८ सालचा संप सहा महिने चालला. सहा महिने पगार नाही, तरी माणसं उभी राहिली. याचं श्रेय सभेतल्या भाषणांना देऊन आपण मोकळे होतो. वाण्याने आणि खाणावळवालीने उधारी थांबवली असती तर संप किती दिवस टिकला असता, हा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. ती बाई स्वतः सावकाराकडून व्याजाने पैसे काढून दुसऱ्यांना जेवू घालत होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेलं, तेव्हा कुठे सावकाराची पकड ढिली व्हायला लागली. तोवर या धंद्याला शंभर वर्षं होत आली होती.

पंगतीत कोण कुणाशेजारी बसतो, हाही एक इतिहासच आहे. जुन्या मुंबईत खाणावळीच्या पाटीवर जात लिहिलेली असायची. रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं मिळायचं. या शहरात सगळ्यांना एका टेबलाशी आणलं ते मुख्यतः इराण्याने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द, केरमानकडून आलेले हे लोक, बहुतेक झरथुष्ट्री, काही मुसलमानही. धोबीतलावचं कयानी १९०४ सालचं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ सालचं. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदार घेत नसत, ती इराण्यांनी घेतली, असं सांगतात. खरं असो-नसो, कोपऱ्यामुळे त्यांना दोन रस्त्यांची गिऱ्हाइकं मिळाली एवढं नक्की. संगमरवरी टेबलावर पाणी-कम चहा आणि ब्रून मस्का आला की समोरचा कोण, हे विचारायची सोय नव्हती. आम्हा कवी मंडळींवर तर इराण्यांचे उपकार फेडता न येण्यासारखे आहेत. एका चहावर दोन तास बसू देणारा दुसरा आश्रयदाता मराठी कवितेला मिळालेला नाही.

मी कॉलेजसाठी मुंबईत आलो ते १९८८ साली. लालबागच्या एका मालवणी मावशींकडे जेवायला होतो. पंगतीत मी एकटा मुसलमान. पहिल्याच रविवारी ताटात वाढण्याआधी मावशी म्हणाल्या, “खा रे बिनधास्त. मटण मी आग्रीपाड्यासून आणतंय.” पुढे रमजान आला. महिना संपल्यावर पैसे द्यायला गेलो, तर दुपारच्या जेवणाचे सगळे खाडे त्यांनी आधीच धरले होते. सहेरीसाठी रात्री भाकरी आणि सुकं बांधून द्यायच्या, त्याचे वेगळे पैसे काही लावले नव्हते. मी तसं म्हटलं तर चिडल्या. पण तेव्हाच त्यांची पंगत पाच-सहा जणांवर आली होती.

कारण मधे १९८२ साल होऊन गेलं होतं. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. लोक गावी गेले, काहींनी वडापावच्या गाड्या टाकल्या. १९९१च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनी विकसित करताना एक तृतीयांश वाटा महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला, असं ठरलं. २००१ साली नियम असा बदलला की ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती राहिली. बांधकामाखालची जमीन, म्हणजे बहुतेक सगळीच, मालकाच्या पदरात. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल उचलून धरला. लोअर परळला आज आपण ज्या झगमगाटात जेवतो, त्याची पाककृती ही अशी आहे.

गेल्या पावसाळ्यात माझा एक गाववाला मित्र मुंबईला आला. गुहागरकडे शाळेत शिक्षक आहे. त्याचे वडील साचेखात्यात होते, संपानंतर गावी परतले ते कायमचेच. मुलाने त्याला इथलं एखादं ‘फेमस’ ठिकाण बघून या म्हणून पैसे दिले होते. आम्ही दोघे एका गिरणीच्या आवारातल्या रेस्टॉरंटात गेलो. उघड्या विटांची भिंत, बिडाचे जुने खांब, वर मुद्दाम दाखवायला ठेवलेल्या लोखंडी कैच्या. संगीत एवढं मोठं की मित्र म्हणाला, “बाबा सांगायचे, साच्यावर असंच ओठांकडे बघून बोलणं समजून घ्यावं लागायचं.” पदार्थांच्या यादीत वडापाव होता, सोलकढी होती, सुकटही होती. सुकट एवढ्याशा बशीत आली. चव चांगली होती, उगाच नाव ठेवणार नाही. बांगडा तर मला मावशींच्या हातासारखा लागला.

मित्राचं लक्ष मात्र दारांवर होतं. बाहेर जायचा रस्ता कुठला, हे त्याने बसताक्षणीच विचारून घेतलं. २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात, गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागून १४ माणसं गेली, ते तो विसरला नव्हता. गिरणी कामगाराचा मुलगा तो, कापसाच्या आगीच्या गोष्टी ऐकत वाढलेला.

वाढणारा मुलगा अल्मोड्याकडचा होता. मित्राने शिक्षकी सवयीने त्याची चौकशी आरंभली. राहतोस कुठे? जवळच एका चाळीत, आठ जण एका खोलीत. काही जण सकाळच्या शिफ्टला, काही रात्रीच्या. आणि जेवतोस कुठे, इथेच का? तो हसला. म्हणाला, खाली एक आँटी डबा देतात, महिन्याचे पैसे.

“छुट्टी पे गाँव जाते हो तो पैसा काटती है?” मित्राने विचारलं.

“हाँ सर, काटती है ना. कॅलेंडर पे लिखती है,” तो म्हणाला, आणि बशा उचलून आत गेला.