जोडीदाराच्या पश्चात घर आणि बाग

दोघांच्या संसारात कामांची वाटणी बहुधा न ठरवताच होते. विजेचे बिल, पाण्याची मोटर, गच्चीची गळती, सोसायटीची सभा ही कामे एकाकडे जातात. स्वयंपाकघर, साठवण, कामवाल्या बाईंशी बोलणे, कुंड्यांना पाणी घालणे दुसऱ्याकडे. वर्षानुवर्षे हे सुरळीत चालते आणि म्हणूनच ते कोणी कागदावर उतरवत नाही. जोडीदार निवर्तल्यावर दुःखाच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट जाणवू लागते. घराचे अर्धे ज्ञान त्या व्यक्तीबरोबर गेलेले असते. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, गुलाबाची छाटणी कधी करायची, जुना प्लंबर कोण, डाळींचे डबे कशाने निर्धोक ठेवायचे, असे प्रश्न एकेक करून समोर येतात. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील नागरिकांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. मुले परगावी किंवा परदेशी असलेल्या शहरी घरांत हा प्रश्न अनेकांच्या वाट्याला येतो. तो केवळ सोयीचा नाही. आपल्याच घरात स्वतंत्रपणे आणि सन्मानाने राहता येईल की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

पहिल्या वर्षी मोठा निर्णय नको

दिवसकार्य आटोपते न आटोपते तोच सल्ले सुरू होतात. बंगला विकून टाका, फ्लॅट मुलाच्या नावावर करा, बाग काढून फरशी घाला, असे सुचवणारे बहुतेक जण हितचिंतकच असतात. तरीही घर विकणे, बक्षीसपत्र करणे, पुनर्विकासाच्या कागदावर सही करणे किंवा जुनी झाडे तोडणे असे परत न फिरवता येणारे निर्णय शक्यतो वर्षभर लांबणीवर टाकावेत. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा त्या घरात एकट्याने काढल्यावर कोणते काम झेपते आणि कोणते झेपत नाही, याचा खरा अंदाज येतो.

घर मुलांच्या नावे करायचेच असेल, तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ मधील कलम २३ माहीत असावे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट पाळली गेली नाही, तर ज्येष्ठ नागरिकाला न्यायाधिकरणाकडे जाऊन ते हस्तांतर रद्द करून घेता येते. ही अट दस्तातच स्पष्ट शब्दांत लिहून घेणे हिताचे ठरते.

कागदपत्रांची घडी

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत होणे आवश्यक असते. मृत्यूच्या दाखल्याच्या पुरेशा प्रती सुरुवातीलाच घेऊन ठेवाव्यात. वीजजोडणी, गॅसजोडणी, मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि सोसायटीतील भाग या प्रत्येक ठिकाणी तो लागतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशन केलेले असेल, तर नामनिर्देशित व्यक्तीने सहा महिन्यांच्या आत संस्थेकडे अर्ज करावा. इथे एक गैरसमज सर्रास आढळतो. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार नामनिर्देशित व्यक्ती तात्पुरती सभासद होते. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार पुरुष मृत्युपत्र न करता निवर्तला, तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांना समान वाटा मिळतो. त्यामुळे ‘नॉमिनी मीच आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये. तसेच कुणी दुसरा नॉमिनी आहे म्हणून पत्नीने आपला हक्क संपला असेही समजू नये.

दिवंगत व्यक्तीचा मोबाइल क्रमांक घाईने बंद करू नये. विजेचे बिल, गॅसची नोंदणी, कराच्या पावत्या यांचे संदेश त्याच क्रमांकावर येत असतात. प्रत्येक ठिकाणी नवा क्रमांक नोंदवून झाल्यावरच तो बंद करावा. मात्र त्या क्रमांकाच्या किंवा कार्डाच्या आधारे मृत व्यक्तीच्या खात्यातून पैसे काढणे योग्य नाही. ते बँकेच्या रीतसर प्रक्रियेनेच घ्यावेत.

घराची ओळख नव्याने

एखाद्या दिवशी माहीतगार नातेवाइकाला किंवा विश्वासू इलेक्ट्रिशियनला बोलावून घर पुन्हा समजून घ्यावे. पाण्याचा मुख्य कॉक, प्रत्येक न्हाणीघराचा कॉक, विजेचा मुख्य स्विच आणि वितरणफलकावरील प्रत्येक स्विच यांना मराठीत मोठ्या अक्षरांच्या चिठ्ठ्या लावाव्यात. एका वहीत प्लंबर, सुतार, गवंडी, माळी आणि गॅस वितरक यांचे क्रमांक, तसेच शेवटची दुरुस्ती कधी झाली आणि किती पैसे दिले, हे टिपून ठेवावे. पुढल्या वेळी दर सांगणाऱ्यासमोर ही वही फार उपयोगी पडते.

वितरणफलकावर गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे यंत्र असते. घरगुती वापरासाठी ते ३० मिलिअँपिअरचे असावे. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. वीज लगेच खंडित झाली, तर यंत्र ठीक आहे. न झाल्यास ते बदलून घ्यावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीतील पाण्याची पातळी दर दोन-तीन महिन्यांनी तपासावी. त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालतात, नळाचे पाणी कधीही नाही.

गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर मुदतीचे वर्ष छापलेले असते. वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता शेगडीच्या चाव्या आणि रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, घराबाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल, तर खिडकी बंद करून आंघोळ करणे जिवावर बेतू शकते. ज्वलनातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. एकट्या राहणाऱ्याला हाक मारायला बाहेर कोणी नसते, हे ध्यानात घेऊन असा गीझर न्हाणीघरातून काढणेच उत्तम.

शिडी आणि स्टुलावर चढण्याचे काम मात्र एकट्याने करूच नये. उतारवयात खुब्याचे हाड मोडले, तर स्वतंत्र राहण्याचा सारा बेत कोसळतो. उंचावरचे दिवे एलईडीचे केले, की ते वर्षानुवर्षे बदलावे लागत नाहीत. माळ्यावरचे रोज लागणारे सामान हाताच्या उंचीवर आणावे.

पावसाच्या आधी

मोसमी पाऊस केरळात सर्वसाधारणपणे १ जूनला आणि महाराष्ट्राच्या बहुतांश भागात जूनच्या मध्यापर्यंत पोहोचतो. गच्चीची कामे १५ मेपर्यंत संपवावीत. त्यानंतर चांगला गवंडी मिळत नाही आणि मिळाला तर घाई करतो. पन्हळी आणि पावसाळी नळांची तोंडे पालापाचोळ्याने तुंबलेली असतात. अनेक गळत्यांचे मूळ तेवढेच असते. कोब्याला भेगा दिसल्या, तर त्या भरून घ्याव्यात आणि गच्चीवर दोन इंच पाणी २४ तास साठवून खाली ओल येते का, हे पाहावे. हजारो रुपयांचे रासायनिक लेपन करण्यापूर्वी ही साधी चाचणी आवश्यक आहे.

पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी दिव्याभोवती जमते. दाराच्या चौकटींवर, कपाटांच्या मागे मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर लगेच उपाय करावा. पाण्याच्या टाक्या पावसाळ्याआधी व नंतर अशा वर्षातून दोनदा धुऊन घ्याव्यात. बंगल्यात सेप्टिक टँक असेल, तर त्यात माणूस उतरवू नये. आतल्या विषारी वायूंनी क्षणात मृत्यू येतो आणि २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असे काम करून घेणे हा गुन्हा आहे. शोषण यंत्र बसवलेला टँकरच बोलवावा.

बाग : काय ठेवावे, काय सोडावे

घरापेक्षा बागेचा प्रश्न अधिक नाजूक असतो. गेलेल्या माणसाने लावलेले झाड ही त्याची शेवटची जिवंत खूण वाटते. ते वाळले, तर अपराधी वाटते आणि सगळे जगवायचे म्हटले, तर शक्ती पुरत नाही. म्हणून पहिल्या वर्षी काही वाढवू नये आणि काही उपटू नये, फक्त पाणी आणि निरीक्षण सांभाळावे. त्यानंतर बागेचे तीन भाग करावेत : स्वतःच्या हाताने करायचे, माळ्याकडून करून घ्यायचे आणि सोडून द्यायचे.

हिरवळ हा सर्वांत खर्चिक भाग. तिला सतत पाणी, कापणी आणि निंदणी लागते. ती आधी कमी करावी. लहान लहान पन्नास कुंड्यांपेक्षा मोठ्या पंधरा कुंड्या सोप्या पडतात, कारण मोठ्या कुंडीतील माती लवकर सुकत नाही. जड कुंड्या मात्र स्वतः हलवू नयेत. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, कोरफड, जास्वंद, तगर, पारिजातक ही मंडळी थोड्या निगेवर तग धरतात. नाजूक रोपे, ऑर्किड किंवा बोन्साय यांची हौस जोडीदाराची असेल आणि स्वतःला नसेल, तर ती जाणकार स्नेह्यांना द्यावीत. झाड दुसऱ्याच्या अंगणात वाढले, तरी ते वाढतेच.

पालापाचोळा जाळू नये. तसे करण्यास नियमांनुसार मनाई आहे आणि त्यात बागेचेच नुकसान आहे. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर यांनी पालापाचोळ्यातून सकस माती घडवण्याची पद्धत शहरी घरांपर्यंत पोहोचवली. आळ्यात तीन-चार इंच पाचोळा अंथरला, तर पाणी कमी लागते, तण कमी उगवते आणि माती सुधारते. एकट्या माणसाचे निम्मे श्रम यात वाचतात. ठिबकच्या नळ्यांना वेळ लावायचे यंत्र जोडले, तर आठवडाभर मुलांकडे जाऊन राहणेही शक्य होते.

वर्षाचे वेळापत्रक साधे आहे. मोगऱ्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत केली, की उन्हाळ्यात भरभरून फुले येतात. मेमध्ये खत आणि माती तयार ठेवावी, जूनमध्ये नवी लागवड करावी. गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये करतात. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने फुले येतात. जास्वंदीवरच्या पांढऱ्या ढेकण्यासाठी लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाच्या द्रावणाचे काही थेंब घालून सायंकाळी फवारावे. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो.

नारळाच्या सुकलेल्या झावळ्या आणि तयार नारळ पावसापूर्वी उतरवून घ्यावेत. मोठ्या झाडाची फांदी विजेच्या तारांना लागत असेल, तर माळ्याला न सांगता वीज कंपनीला कळवावे. स्वतःच्या आवारातील झाड तोडायचे असले, तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. साप दिसला तर काठी शोधू नये. दूर उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी आणि सर्पमित्राला बोलवावे. लाकडे-विटांचे ढीग काढले, की तो येण्याचे निमित्तच कमी होते.

माणसे, पैसे आणि सावधगिरी

एकटी व्यक्ती पाहून दर वाढवणारे भेटतात, तसेच वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे येणारेही असतात. मोठ्या कामाचा अंदाज दोघांकडून लेखी घ्यावा, सर्व रक्कम आगाऊ देऊ नये आणि काम सुरू असताना शेजारच्या कुणाला तरी येऊन बसायला सांगावे. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ अशा संदेशांतील क्रमांकावर फोन करू नये. ही फसवणुकीची ठरलेली रीत आहे. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. ज्येष्ठांना मार्गदर्शनासाठी १४५६७ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लावावेत. घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असावी आणि रोज सकाळी ठरावीक वेळी कुणाशी तरी फोन व्हावा. फोन आला नाही, तर चौकशीला येणारे माणूस ठरलेले असावे.

पुरुषांनी स्वयंपाक आणि घरखर्च शिकणे, स्त्रियांनी कर आणि वीज यांचे व्यवहार हाती घेणे, यात कमीपणा काहीच नाही. खरे तर हे शिक्षण दोघे असतानाच व्हायला हवे. महिन्यातून एकदा कामांची अदलाबदल केली, तरी पुरे.

समाजाचाही यात वाटा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची चर्चा राज्यभर झाली. शहरांत ठरावाची गरज नाही, असे अनेकांना वाटते. तरीही पहाटे उठून मोगऱ्याला पाणी घालणाऱ्या बाईने त्यातले फूल देवाला वाहावे, शेजारणीला द्यावे आणि स्वतःच्या केसांत मात्र माळू नये, ही अपेक्षा शहरी घरांतही अजून संपलेली नाही. जी बाग एकटीने जगवली, तिच्या फुलांवर पहिला हक्क तिचाच आहे.