अ मिडसमर टेम्पेस्ट

अमेरिकन लेखक पोल अँडरसन (१९२६–२००१) यांची पर्यायी इतिहासावर उभी असलेली अद्भुतरम्य इंग्रजी कादंबरी. डबलडे या प्रकाशनसंस्थेने ती १९७४ मध्ये काढली. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ आणि ‘द टेम्पेस्ट’ या शेक्सपिअरच्या दोन नाटकांची नावे जोडून तिचे नाव झाले आहे. शेक्सपिअरने जे लिहिले ते सारे खरोखर घडून गेले, असे धरून चालणारे जग तिच्यात आहे. तिथले लोक त्याला नाटककार मानत नाहीत. तो त्यांचा थोर इतिहासकार आहे.

पर्यायी इतिहासात बहुधा एखादी घटना उलटी फिरते आणि पुढचे सारे बदलते. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासराव गोळीतून वाचतात आणि १७६१ ची लढाई मराठे जिंकतात. मराठी वाचकाला हा प्रकार तिथून परिचित आहे. अँडरसनने कोणतीही घटना उलटी फिरवली नाही. त्याने शेक्सपिअरच्या चुका गोळा केल्या आणि त्या खऱ्या मानल्या. कादंबरीचे खरे बळ या युक्तीत आहे.

या चुका प्रसिद्ध आहेत. ‘ज्युलिअस सीझर’मध्ये प्राचीन रोममध्ये घड्याळाचे ठोके पडतात. ‘किंग जॉन’मध्ये तेराव्या शतकाच्या आरंभी तोफा डागल्या जातात. जुन्या डेन्मार्कचा राजपुत्र हॅम्लेट ज्या विटेनबर्गच्या विद्यापीठात शिकतो, ते १५०२ मध्ये स्थापन झाले. ‘द विंटर्स टेल’मध्ये बोहेमियाला समुद्रकिनारा आहे, त्यावरून तर समकालीन नाटककार बेन जॉन्सनने शेक्सपिअरची चेष्टाही केली होती. टीकाकारांनी या गोष्टी नजरचूक म्हणून किंवा रंगभूमीची मोकळीक म्हणून सोडून दिल्या. अँडरसन विचारतो : हे सगळे खरेच असते तर? रोमला यांत्रिक घड्याळ ठाऊक असेल आणि राजा जॉनकडे तोफा असतील, तर यंत्रविद्या शतकानुशतके आधीच पुढे गेलेली असणार. म्हणून या कादंबरीतल्या सतराव्या शतकाच्या इंग्लंडमध्ये वाफेची इंजिने आहेत, कारखान्यांचा धूर आहे, रेल्वे धावते आहे. आणि त्याच भूमीवर ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधले परीराज ओबेरॉन, त्याची राणी टिटॅनिआ आणि खोडकर पकही वावरतात, कारण तेही त्याच ‘इतिहासा’त आहेत.

काळ चार्ल्स राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीचा. नायक आहे राजाचा भाचा, घोडदळाचा सेनानी प्रिन्स रूपर्ट. मार्स्टन मूरच्या लढाईनंतर तो पार्लमेंटच्या सैन्याच्या हाती सापडतो आणि सर मॅलेकाय शेलग्रेव्ह या धनाढ्य प्युरिटनाच्या घरी कैदेत राहतो. शेलग्रेव्हच्या छत्राखाली वाढलेली जेनिफर अ‍ॅलेन त्याच्या प्रेमात पडते. यंत्रांनी आणि प्युरिटनांच्या कडव्या धर्माने आपले राज्य आटत चालल्याचे पाहून ओबेरॉन व टिटॅनिआ या प्रेमिकांच्या पाठीशी उभे राहतात. दोघांची निष्ठा टिकेल तोवर साथ देणाऱ्या अंगठ्या ते त्यांना देतात. ‘द टेम्पेस्ट’मधल्या जादूगार प्रॉस्परोने समुद्रात बुडवलेला ग्रंथ आणि त्याची जादूची काठी शोधून आणण्याची कामगिरी रूपर्टकडे येते. सोबत असतो विल फेअरवेदर हा गावरान बोलीचा सैनिक. शोधाची वाट प्रॉस्परोच्या बेटापर्यंत जाते. त्याचे जुने सेवक एरियल आणि कॅलिबन अजून तिथे आहेत. शेवटची झुंज ग्लॅस्टनबरीला होते. तिथे इंग्लंडच्या मातीतल्या प्राचीन शक्ती राजाच्या बाजूने उठतात.

नायकाची निवड फार विचारपूर्वक झाली आहे. खरा रूपर्ट १६१९ मध्ये प्राग येथे जन्मला, म्हणजे शेक्सपिअरने समुद्रकिनारा दिलेल्या त्याच बोहेमियात. त्याचा बाप तिथला अल्पकाळचा राजा होता आणि ‘हिवाळी राजा’ म्हणूनच ओळखला गेला. रूपर्टच्या आईवडिलांच्या विवाहानिमित्त १६१२-१३ च्या हंगामात इंग्लंडच्या दरबारात जी नाटके झाली, त्यांत ‘द टेम्पेस्ट’ होते. २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूरला तो हरला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याचा पांढरा कुत्रा ‘बॉय’ त्या लढाईत मारला गेला. हा कुत्रा म्हणजे सैतानी साथीदार, असा प्रवाद विरोधकांच्या पत्रकांतून आधीच पसरला होता. उतारवयात रूपर्ट विज्ञानाच्या प्रयोगांत रमला. जादूची वदंता आणि यंत्रांची ओढ एकाच माणसात अशी क्वचित सापडते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी : १६४२ मध्ये लंडनची नाटकगृहे बंद पाडणारे पार्लमेंट तेच, ज्याच्याविरुद्ध रूपर्ट लढत होता. नाटकाच्या जगाचा कैवार घेणाऱ्या कादंबरीने कोणाची बाजू घ्यावी, हे तिथेच ठरून गेले.

रचनेच्या दृष्टीने ही कादंबरी धाडसी आहे. पात्रांचे बोलणे गद्यासारखे सलग छापले आहे, पण त्यात शेक्सपिअरचे दहा अक्षरांचे निर्यमक पद्य दडलेले आहे. नुसत्या डोळ्यांनी वाचणाऱ्याला ते पुष्कळदा कळतही नाही. काही ठिकाणी प्रसंग यमक साधणाऱ्या दोन ओळींवर मिटतो, जसा रंगमंचावर प्रवेश मिटावा.

मधल्या भागात ‘ओल्ड फिनिक्स’ नावाची खानावळ येते. ती कोणत्याही एका विश्वात नाही. अनेक विश्वांतले प्रवासी तिथे रात्रीपुरते उतरतात. रूपर्टला इथे अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीचा नायक होल्गर कार्लसन भेटतो आणि ‘ऑपरेशन केऑस’मधल्या मॅटुचेक दांपत्याची मुलगी व्हॅलेरिआ भेटते. जिथे शेक्सपिअर फक्त नाटककार आहे अशीही जगे आहेत, हे त्याला इथेच समजते. कथानकाला या थांब्याची गरज नाही, असे म्हणता येईल. मला मात्र हे पुस्तकातले सर्वांत सुंदर पान वाटते : आपला सारा इतिहास दुसऱ्या कुणाकडे नाटक म्हणून खेळला जातो, हे ऐकून घेणारा माणूस तिथे समोर बसलेला दिसतो.

उणीवही आहे. शेलग्रेव्ह आणि त्याच्या पंथाचे चित्र एकरंगी उतरले आहे. राजाच्या मनमानीविरुद्ध उभे राहिलेल्या लोकांची बाजू तेवढीच गंभीर होती. ती या पुस्तकात जवळजवळ ऐकूच येत नाही.

कादंबरीला १९७५ चा मिथोपीइक पुरस्कार मिळाला. नेब्यूला आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या वर्ल्ड फँटसी पुरस्कारांच्या यादीतही तिचे नाव होते. याच कल्पनेच्या जवळ जाणारे दुसरे पुस्तक हॅरी टर्टलडव्हचे ‘रूल्ड ब्रिटानिया’ (२००२). त्यात स्पेनच्या आरमाराने इंग्लंड जिंकलेले आहे आणि शेक्सपिअर स्वतःच एक पात्र आहे.

‘द टेम्पेस्ट’ मराठीत १८७५ मध्येच नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी आणले. मंगेश पाडगावकरांचे ‘वादळ’ हे त्याच नाटकाचे अलीकडचे भाषांतर. ते आधी वाचून ही कादंबरी हाती घ्यावी, आणि संवाद मोठ्याने वाचावेत.